थोरल्या जावयाचा टर्बो

डोंबिवली (पूर्व),
रविवार, जेवणानंतर

प्रिय साडूभाऊ सलिलराव यांना,

गुरुदत्तचा मनापासून नमस्कार. आम्ही इकडे ठीक आहोत. तुम्ही वर्तकनगरात ठीकच असाल, ठीक नसायला तुम्हाला काय झालंय. जयाचा गुडघा कसा आहे? तुमचं पित्त? तुमचा नील बारावीचा अभ्यास करतो, की अजून नव्या गाडीच्या छपरातून डोकं बाहेर काढून फोटोच काढतोय? (परवा जयाच्या स्टेटसला तो फोटो पाहिला. आपण किती वेळा पाहिलं ते समोरच्याला कळत नाही असं हेमा म्हणते. तसं असेल तर मी एकदाच पाहिला.)

पत्र कशाला, फोन करायचा, असं तुम्ही म्हणाल. केला होता. पण तुम्हाला फोन लावला की तो हल्ली गाडीच्या स्पीकरवर वाजतो, आणि गाडीत कोण कोण बसलंय हे इकडे समजायला काही मार्ग नसतो. मागच्या खेपेस मी तुमच्या गाडीच्या रंगाबद्दल दोन शब्द मोकळेपणाने बोललो (खोकल्याच्या औषधाचा रंग आहे तो, माझं मत बदललेलं नाही), आणि पलीकडून आई म्हणाल्या, "रंग मी पसंत केलाय." आपल्या सासूबाईंना मी लग्नापासून आई म्हणतो, तुम्ही मम्मी म्हणता. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण त्या दिवसापासून तुमच्याशी महत्त्वाचं जे काही असेल ते लेखी बोलायचं असं मी ठरवून टाकलं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तुमची नवी गाडी पाहून मला आनंद झाला. पेढे मी खाल्ले, एक मागूनही घेतला. जळण्याचा माझा स्वभाव नाही. आपल्या सासरच्या घरात पहिली चारचाकी आणली ती मी, आणि तेव्हा तुम्ही स्कूटरवर होतात हे मी कधी कोणाला आठवून देत नाही. आईंनी शहाडला त्यांच्या दारात माझ्या गाडीला ओवाळलं होतं आणि बॉनेटवर कुंकवाचं इतकं मोठं स्वस्तिक काढलं होतं की पांढऱ्या रंगावर त्याची गुलाबी सावली अजून दिसते. तेव्हापासून दर चैत्रात आईंच्या माहेरच्या देवीच्या यात्रेला माळशेज घाट चढून जाते ती माझी गाडी. पुढच्या सीटवर आई, आईंच्या मांडीवर देवीची ओटी, चाक माझ्या हातात, आणि मागे हेमा, जया आणि नैवेद्याची टोपली सांभाळत तुम्ही. गावाच्या वेशीवर आईंचे भाऊ उभे असतात, आधी पुढचं दार उघडतात आणि आईंना म्हणतात, "थोरल्या जावयांनी आणलं का?" वर्षभर कचेरीत मला कोणी काही विचारत नाही, सलिलराव. सोसायटीच्या सभेत मी हात वर केला तर लोकांना वाटतं पंखा बंद करायला सांगतोय. वर्षातून ते एक वाक्य माझ्या वाट्याला येतं.

आता माझ्या गाडीला घाटात एसी झेपत नाही, हे खरं आहे. घाट लागला की मी एसी बंद करतो आणि काचा खाली करतो. डोंगरातली शुद्ध हवा घेण्याचे फायदे मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलो, आणि तुम्हीही मागच्या सीटवरून मान डोलावत होतात. (ती मान खड्ड्यांमुळे हलत होती, हे मला आता कळतंय.) मग जानेवारीत घाटापलीकडे ओतूरला लग्न आलं. मला रजा मिळाली नाही, आणि आईंना तुम्ही घेऊन गेलात. पुढच्या सीटवर बसवून नेलंत, हे मला जयाच्या स्टेटसवरून समजलं. परत आल्यावर आई आमच्याकडे मुक्कामाला उतरल्या आणि चप्पल काढता काढता हेमाला म्हणाल्या, "सलिलरावांच्या गाडीत घाट कधी आला नि कधी गेला, मला कळलंसुद्धा नाही." त्या रात्री मला आमटीला चव लागली नाही. लिहूनच टाकतो, सलिलराव, माझ्या पोटात दुखलं. मी हळूच विचारलं, यंदा यात्रेला मग कसं करायचं? तर आई म्हणाल्या, "बघू." इतक्या वर्षांत त्या बघू म्हणाल्या नव्हत्या. बघण्यासारखं काही नव्हतंच.

गाडीच्या पुस्तकात बघितल्यावर तुमच्या गाडीचं गुपित कळलं. टर्बो. तुम्हाला तो आयता मिळालाय, त्यामुळे तो काय करतो हे तुम्हाला ठाऊक असण्याचं कारण नाही, म्हणून सांगतो. इंजिनातून वाया जाणारा गरम धूर एक पंखा फिरवतो, तो पंखा दुसऱ्या पंख्याला फिरवतो, आणि तो दुसरा पंखा इंजिनात हवा कोंबतो. हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त, पेट्रोल जास्त म्हणून जोर जास्त. माझं इंजिन जुन्या वळणाचं, आपण होऊन जेवढी हवा आत येईल तेवढ्यावर भागवणारं. तुमच्या इंजिनाला पानावर बसवून आग्रह करकरून वाढतात. म्हणजे सासरी चालतं तेच इथेही. मग मी ठरवलं की आपल्याही गाडीला कोणीतरी आग्रह करायला हवा.

हे काम करणारा माणूस शोधायला मला फार हिंडावं लागलं नाही. आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने साफ नकार दिला (काका, हिचं वय बघा, म्हणाला, हेमाच्या देखत, आणि क्षणभर आम्हा दोघांनाही तो कोणाबद्दल बोलतोय ते समजेना), पण कल्याण-शीळ रस्त्यावर एक प्रेम नावाचा गृहस्थ भेटला. तिशीचा, दाढी कोरलेली, गाड्यांचे आवाज वाढवून देणे हा त्याचा मुख्य धंदा. तो म्हणाला, "काका, टेन्शन नाय घ्यायचं. घाटात गाडी चढणार नाय, उडणार." इतका आत्मविश्वास मी आमच्या साहेबांच्या अंगीसुद्धा पाहिलेला नाही. मोडीत निघालेल्या कुठल्याशा डिझेल गाडीचा टर्बो त्याने फडक्यात गुंडाळून आणला आणि माझ्या हातात दिला. गोगलगायीसारखा दिसतो. मी तो घरी आणून हेमाला दाखवला. तिने तो पाहिला, मला पाहिलं आणि कुकरची शिट्टी बसवायला आत गेली.

मग प्रेमने गाडी उघडली. टर्बो बसवायचा तर त्याला तेलाची नळी हवी, कोंबलेली हवा थंड करायला पुढे एक जाळीची पेटी हवी, आणि जुन्या इंजिनाला एवढी हवा सोसत नाही, ते ठोके मारायला लागतं, म्हणून आत जाड गॅस्केट हवं. हे सगळं मावायला जागा हवी. जागेसाठी वायपरच्या पाण्याची टाकी काढावी लागली. (काच पुसायची झाली तर हेमाने खिडकीतून हात काढून बाटलीतलं पाणी टाकायचं असं ठरलं. म्हणजे मी ठरवलं.) हॉर्न होता तिथे बसेना, तो मागे डिकीपाशी गेला, त्यामुळे आता मी हॉर्न वाजवला की माझ्या मागचा माणूस दचकून बाजूला होतो आणि पुढचा तसाच राहतो. आणि तरी टर्बो बसेना, तेव्हा मला न विचारता प्रेमने एसीचा कॉम्प्रेसर काढून बाजूला ठेवला. मी म्हटलं, अहो, घाटात एसी चालावा म्हणून तर हा सगळा खटाटोप आहे. त्यावर तो फडक्याला हात पुसत म्हणाला, "पण काका, आता काचा खाली करून पळवा ना, वारा काय लागेल माहितीये?" सलिलराव, गाडी अर्धी उघडी असताना मेकॅनिकशी वाद घालू नये एवढं शहाणपण मला आहे. इंजिनात जाणारी हवा थंड हवी म्हणून त्याने तिचा पाइप खाली वळवून थेट समोरच्या जाळीच्या मागे आणून सोडला. पाइपाच्या तोंडाला फिल्टर लागतो, तो त्याच्याकडे त्या मापाचा नव्हता. सोमवारी येणार होता. तोवर जवळपासच फिरवा, असं त्याने बजावलं. शहाड जवळच आहे, हे तुम्हीही मान्य कराल.

आता माझं चुकलं ते इथे. गाडीला टर्बो बसला ही बातमी सोसायटीत मी स्वतःच पसरवली. पार्किंगमध्ये चार लोक बघायला आले, त्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या कुंडलिकरावांनी "अरे वा" असं म्हटलं आणि ज्या नजरेने पाहिलं ती मला आवडली नाही. म्हणजे आवडली, पण भीती वाटली. तुमच्या गाडीची पूजा झाली त्या दिवसाचं मला आठवलं. आईंनी तुमच्या गाडीवरून मीठ-मोहरी-मिरच्या उतरवून निखाऱ्यावर टाकल्या आणि आपण सगळे शेगडीभोवती उभे होतो, पण ठसका म्हणून कोणाला लागला नाही. मिरची जळून ठसका लागला नाही म्हणजे दृष्ट जबर लागलेली असते, हे काय तुम्हाला सांगायला नको. आई म्हणाल्या, "अगंबाई, केवढी नजर लागलीये." आणि सगळे माझ्याकडे का बघायला लागले ते मला कळलं नाही. (मी तेव्हा फक्त टायर बघत होतो.) तेव्हा आपल्या गाडीच्या बाबतीत अशी हयगय नको म्हणून शनिवारी बाजारात लिंबू-मिरची विकायला बसतो त्याच्याकडून मी चांगलं मोठं लिंबू आणि भरगच्च मिरच्यांची माळ घेतली. बाहेर बांधली तर गाडी भाड्याची वाटते, म्हणून ती मी समोरच्या जाळीच्या आतून बांधली. आत बांधायला एक छान नवा पाइप आयताच हाताशी होता.

मागच्या रविवारी मी आणि हेमा शहाडला गेलो. आईंना म्हटलं, चला, एक चक्कर मारून आणतो, यात्रेची रंगीत तालीम. आई पुढे बसल्या. मागे हेमा, मांडीवर पाण्याची बाटली. गाडीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता, तो टर्बोचा, मला फार गोड वाटत होता. आई म्हणाल्या, "जावईबापू, कुकर लावून आलाय का?" मी नुसता हसलो. घाट नव्हता, पण शहाडचा उड्डाणपूल होता. पुलाच्या चढाला मी आईंना म्हटलं, आता बघा, आणि पाय दाबला. काही झालं नाही. टर्बोचं असं असतं की पाय दाबल्यावर तो लगेच येत नाही, आधी विचार करतो. मी आणखी दाबला. मग तो आला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गाडीने मला सीटच्या पाठीला चिकटवलं, आणि मी आईंकडे बघितलं. त्यांनी समोरचं हँडल धरलं होतं आणि त्यांचे डोळे मोठे झाले होते. तो एवढा क्षण मात्र माझा होता, सलिलराव. तो तुम्हाला कधी मिळणार नाही, कारण तुमची गाडी रोजच तशी जाते.

त्यानंतर टर्बोने लिंबू-मिरचीची माळ आत ओढली. लिंबू जाळीत अडकलं, मिरच्या गेल्या. मिक्सरमध्ये चटणी वाटताना येतो तसा आवाज आला. मग बॉनेटखाली फट्कन काहीतरी सुटलं (प्रेमने पाइपाची पट्टी हातानेच आवळली होती, हे नंतर समजलं) आणि वाटलेली हिरवी मिरची तापून लाल झालेल्या टर्बोवर फवाऱ्यासारखी उडाली. एसी नव्हता, पण पंखा चालू होता. त्याने तो सगळा धूर इमानदारीने आत आणून आमच्या तोंडावर सोडला. सलिलराव, असा ठसका मी जन्मात अनुभवलेला नाही. आई खोकत होत्या, हेमा खोकत होती, मी एका हाताने डोळे पुसत गाडी कडेला घेत होतो. मागचा रिक्षावाला खोकायला लागला, त्याच्या रिक्षातल्या बाई खोकायला लागल्या, एक स्कूटरवाला हेल्मेट काढून कठड्याला टेकून उभा राहिला. पुलाखालून पोलीस वर आला तो मला दंड करायलाच आला होता, पण त्याला एक शब्द बोलता येईना. हेमाने वायपरसाठी आणलेल्या बाटलीतलं पाणी त्याला पाजलं, तेव्हा त्याने आम्हाला हातानेच जायला सांगितलं. जाणार कसे? इंजिन बंद पडलं होतं.

आणि अशा परिस्थितीत, डोळ्यातून धारा लागलेल्या असताना, आईंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. पदराने नाक पुसत त्या हेमाला म्हणाल्या, "काळजी मिटली बाई. एवढा ठसका लागला, म्हणजे जावईबापूंच्या गाडीला कोणाचीच दृष्ट नाही. एवढीशीसुद्धा नाही." पदर खोचला आणि पुन्हा म्हणाल्या, "कोणी जळत नाही हो ह्यांच्यावर."

त्यांनी ते प्रेमाने म्हटलं, मला कळतं. पण पुलावर उभ्या उभ्या मला जे वाटलं ते इंजिन गेल्याचं दुःख नव्हतं. तुमच्या गाडीच्या वेळी शेगडीतल्या मिरच्या गुपचूप जळून गेल्या होत्या, आणि माझ्यासाठी अख्खा शहाडचा पूल खोकत होता. मी इतका खर्च केला, एसी घालवला, हॉर्न मागे नेला, आणि जगात एकाही माणसाला माझा हेवा वाटू नये? ते कुंडलिकराव "अरे वा" म्हणाले ते मग कशाला? तुमच्याबद्दल तर मी विचारतसुद्धा नाही. पण तुम्हाला कधी, अगदी सुरुवातीला, मागच्या सीटवर टोपली घेऊन बसला असताना, पुढे बघून थोडंसं काही वाटलं होतं का? वाटलं असेल तर कळवा. मला बरं वाटेल.

आईंना रिक्षाने घरी सोडलं. गाडी प्रेमच्या गॅरेजात ओढून नेली. फिल्टर सोमवारी आला म्हणे. इंजिनाच्या पोटात मिरचीचं काय काय गेलंय ते उघडल्याशिवाय सांगता येत नाही, आणि उघडल्यावर सांगवणार नाही, असं प्रेमचं म्हणणं आहे. आता टर्बो काढून गाडी होती तशी करायची, एवढंच मी त्याला सांगितलंय. यात्रेपर्यंत ती होत नाही. बाकी सर्व क्षेम. जयाला आशीर्वाद, नीलला अभ्यास करायला सांगा, पित्तावर आवळा घेत जा.

तुमचा साडू,
गुरुदत्त

ता. क. यात्रेला यंदा सर्वांनी एकाच गाडीतून जावं असं माझ्या मनात आलं. पेट्रोलही वाचेल. तुमच्या गाडीत जागा आहे असं ऐकतो.

ता. क. २. गाडी तुमचीच, पण घाट तेवढा मला चालवायला द्याल का? घाटाच्या पायथ्याच्या टोकावड्यापासून गावाच्या वेशीपर्यंत. तुम्हाला तो रस्ता चालवून ठाऊक झालाय, पण वेशीवर मामा पुढचं दार उघडतात तेव्हा चाकावर मी असलो तर बरं दिसेल. तुम्ही मागे, हेमा आणि जयाच्या मध्ये बसा. टोपलीची तुम्हाला सवय आहे. खरं म्हणजे पत्र मी एवढ्यासाठीच लिहिलं, वरचं सगळं तुम्ही वाचलं नसेल तरी चालेल.

ता. क. ३. हे मी विनवून मागितलं असं आईंना कळू देऊ नका. तुम्हाला घाटात गरगरतं, असं तुम्हीच आपण होऊन सांगा. तुम्हाला पित्त आहेच, खोटं ठरणार नाही.

सलिलराव, मी हेमा. पोस्टात टाकायला पत्र माझ्याकडे दिलंय म्हणून वाचलं. गाडी यांना घाटात चालवायला द्या, हात चांगला आहे यांचा, तुम्हाला माहितीये. आणि आई पुढे बसते त्यात मानाबिनाचं काही नाही हो. मागे बसली की तिला उलटी होते, लग्नाआधी एसटीतसुद्धा ती ड्रायव्हरच्या शेजारचीच जागा धरायची. जानेवारीत तुमच्या गाडीत घाट कळला नाही म्हणाली, कारण टोकावड्याला गोळी घेतली आणि थेट ओतूरला जागी झाली. तुमच्या शेजारी घोरत होती, तुम्हाला तर ठाऊकच आहे, तरी तुम्ही तेव्हा गप्प बसलात. तसेच आताही बसा. मी इतकी वर्षं यांना सांगितलं नाही. आई शेजारी बसली की हे घाटात पाठ ताठ करून, दोन्ही हातांनी चाक धरून, एकेक वळण असं घेतात की जसं सगळं यांच्यावरच अवलंबून आहे. मला ते वर्षातून एकदा मागच्या सीटवरून बघायला आवडतं. यंदा तुम्ही मध्ये बसाल, जरा वाकून बसा, म्हणजे मला दिसेल.